चांदी नसलेला चांदीचा रस्ता

स्पेनच्या पश्चिम भागात दक्षिणोत्तर जाणारा एक जुना रस्ता आहे. नाव 'विया दे ला प्लाता', म्हणजे सरळ मराठीत चांदीचा रस्ता. नाव ऐकलं की डोळ्यांसमोर चांदीच्या विटा लादलेली खेचरं येतात. प्रत्यक्षात या रस्त्याचा चांदीशी फारसा संबंध नाही. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी व्युत्पत्ती अशी, की अरबीत फरसबंदी रस्त्याला 'अल-बलात' म्हणतात आणि स्पॅनिश जिभेनं त्याचं 'प्लाता' करून टाकलं. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही, पण मला पटतं. आठव्या शतकात बाहेरून आलेल्या माणसाला त्या प्रदेशात पहिलं काय दिसलं असेल? अरे, इथे तर चक्क दगडी रस्ता आहे!

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी हा रस्ता सायकलवर केला. सेव्हिल ते अस्तोर्गा, एकटा, बारा दिवस, साधारण साडेसातशे किलोमीटर. रोज किती चढ, किती पंक्चर, कुठे जेवण बरं मिळालं हा हिशोब इथे मांडत नाही, तो एक्सेल शीटमध्ये आहे. पण एकट्या सायकलवाल्याला एक सवय लागते. बोलायला कुणी नसतं, त्यामुळे तो दिसेल ती पाटी वाचतो. किलोमीटरचे दगड, गावांची नावं, यात्रेकरूंसाठी रंगवलेले पिवळे बाण, सगळं. मी बहुतेक वेळ एन-६३० या जुन्या हायवेवर होतो. बाजूनं ए-६६ हा नवा एक्सप्रेसवे जातो आणि सगळी वाहतूक तोच गिळतो, त्यामुळे जुना हायवे सायकलींना आंदण दिल्यासारखा मोकळा असतो. त्याचे किलोमीटर उत्तरेच्या खिखोन शहरापासून मोजलेत. म्हणजे सेव्हिलहून निघालं की आकडे आठशेच्या घरात सुरू होतात आणि रोज कमी कमी होत जातात. चढ चढणाऱ्या माणसासाठी याहून चांगलं काउंटडाउन नाही.

तर रस्ता. खरा रोमन रस्ता मेरिदा ते अस्तोर्गा एवढाच, सुमारे ४७० किमी. सेव्हिलपासूनचा तुकडा पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकांत त्याला जोडला जातो. मेरिदा म्हणजे ऑगस्टा एमेरिता. ऑगस्टसनं इ.स.पू. २५ मध्ये उत्तर स्पेनच्या युद्धातून निवृत्त झालेल्या सैनिकांसाठी वसवलेलं गाव. (एक्स-सर्व्हिसमन कॉलनी म्हणा ना. फरक इतकाच की कॉलनीला थिएटर, अ‍ॅम्फीथिएटर, धरणं आणि ग्वादियाना नदीवर साठ कमानींचा, जवळपास ८०० मीटरचा दगडी पूल मिळाला.) दुसऱ्या टोकाला अस्तोर्गा, म्हणजे अस्तुरिका. तिथून पश्चिमेला लास मेदुलासच्या सोन्याच्या खाणी होत्या. डोंगरात बोगदे खणून त्यात एकदम पाणी सोडायचं आणि अख्खा डोंगर खाली आणायचा, अशी पद्धत प्लिनीनं वर्णन करून ठेवली आहे. म्हणजे धातूचा संबंध होता, पण सोन्याशी. आणि रस्ता बांधला तो आधी सैन्य हलवायला.

दर हजार दुहेरी पावलांना, म्हणजे साधारण १४८० मीटरला एक मैलाचा दगड. दगड कसला, चांगला पुरुषभर उंचीचा खांब, त्यावर बादशहाचं नाव. बरेचसे अजून उभे आहेत. कापार्रा नावाच्या उजाड रोमन शहरात चारही बाजूंनी उघडी कमान आहे आणि रस्ता तिच्या बरोब्बर खालून जातो. आजूबाजूला माणूस नाही, गाय आहे. शहर संपलं, रस्ता नाही संपला.

कारण तो पुढच्या प्रत्येकाला आयता मिळाला. मुसा इब्न नुसैर सेव्हिलकडून मेरिदावर आला, कित्येक महिने वेढा घालून बसला आणि ७१३ मध्ये शहर घेतलं. मग सांतियागोचे यात्रेकरू. मग १८९६ मध्ये याच दिशेनं प्लासेन्सिया ते अस्तोर्गा रेल्वे आली, १ जानेवारी १९८५ ला तिची प्रवासी वाहतूक बंद पडली, आणि आज तिच्या काही तुकड्यांवर सायकल ट्रॅक आहे. बेखारच्या घाटात मी त्या ट्रॅकवरून गेलो. रेल्वेचा चढ सायकलला फार मानवतो. गावांची नावं बघा: कालसादा दे बेखार, कालसादा दे वाल्दुन्सिएल, कालसादिया दे लोस बार्रोस. 'कालसादा' म्हणजे बांधलेला रस्ता. सॉफ्टवेअरमध्ये जुनं मोड्यूल काढून टाकलं तरी व्हेरिएबलच्या नावात ते राहतं, तसं.

मला सगळ्यात अस्वस्थ करून गेला तो अल्कोनेतारचा पूल. रोमन अभियंत्यांनी ताखो नदीवर बांधलेला, अर्धवर्तुळाऐवजी चपट्या कमानींचा, त्या काळाच्या मानानं फार धाडसी. अल्कांताराचं मोठं धरण झालं तेव्हा जागा पाण्याखाली जाणार होती, म्हणून १९७० मध्ये पुलाच्या उरलेल्या कमानी उचलून काही किलोमीटरवर नेऊन ठेवल्या. आता त्या काठावर उभ्या आहेत, नदी सोडून. मूळ जागेवर पाण्यातून एक मध्ययुगीन बुरूज डोकं काढून असतो. मी तिथे सायकल टेकवून केळी खाल्ली. पूल वाचला म्हणायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मेंढ्या. या रस्त्याचे सगळ्यात टिकाऊ प्रवासी सैनिकही नव्हेत आणि यात्रेकरूही नव्हेत, मेंढ्या होत. उन्हाळ्यात लिओनच्या डोंगरात, थंडी पडायला लागली की दक्षिणेला एक्स्त्रेमादुराच्या कुरणात. आपल्याकडे धनगरांचे कळप दिवाळीनंतर कोकणात उतरताना ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक आकाराचा आणि सत्तेचा. १२७३ मध्ये दहाव्या आल्फोन्सो राजानं मेंढपाळांच्या 'मेस्ता' या संघटनेला सनद दिली. त्यांच्या मुख्य वाटा, 'कान्यादा रेआल', ९० वारा, म्हणजे साधारण ७५ मीटर रुंद ठेवायच्या. आजच्या एक्सप्रेसवेपेक्षा रुंद! त्यातली एक वाट बऱ्याच ठिकाणी रोमन रस्त्याला धरूनच जाते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मेस्ताच्या मेंढ्या तीस लाखांच्या आसपास होत्या. मेरिनो मेंढ्या. हिमालयातल्या ट्रेकसाठी आपण ज्या महागड्या मेरिनो बनियनवर पैसे उडवतो, तीच ही जात. तिची लोकर म्हणजे त्या काळची निर्यातीची मोठी कमाई, त्यामुळे शेतकरी आणि मेंढी यांच्यात भांडण झालं की राजा मेंढीच्या बाजूनं. कुरण नांगरायचं नाही, वाट अडवायची नाही.

पण कुरण कुणाचं? मेंढपाळाचं नाही. एक्स्त्रेमादुरा तेराव्या शतकात मुस्लिम सत्तेकडून जिंकल्यावर तिथली अफाट जमीन राजानं सरदारांना आणि सांतियागो, अल्कांतारा यांसारख्या लष्करी-धार्मिक संघटनांना वाटली. मोजकी माणसं, भरपूर गवत. मेंढ्यांना हे सोयीचंच होतं. १८३६ मध्ये मेस्ता बरखास्त झाली. त्याच वर्षी चर्चच्या, आणि १८५५ नंतर गावांच्या सामाईक जमिनी लिलावात निघाल्या. कागदावर ही मोठी सुधारणा होती. लिलावात बोली लावायला पैसे लागतात ही बारीकशी अट सोडली तर. ज्यांच्याकडे आधीच जमीन होती त्यांनी आणखी घेतली, आणि गावकऱ्यांची मोफत चराईची, सरपणाची हक्काची जागाही गेली.

यातून एक वर्ग तयार झाला, 'युन्तेरो'. ज्याच्याकडे खेचरांची एक जोडी आणि नांगर आहे, पण जमीन नाही असा माणूस. अवजार आहे, काम करायची जागा नाही. मालकानं तुकडा दिला तर पेरायचं, नाही दिला तर बसायचं. तिकडचं ते 'देएसा' नावाचं रान, ओक वृक्ष, खाली गवत, त्यात काळी डुकरं, फोटोत फार सुंदर येतं. मी शंभरेक फोटो काढले. मग दोन दिवसांनी लक्षात यायला लागतं की तासन्‌तास कुंपण एकच आहे.

मेरिदाच्या आधीचा, सेव्हिलपासूनचा तुकडा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. क्रमानं तो माझा पहिला होता: मोनेस्तेरिओ, फुएन्ते दे कान्तोस, लोस सान्तोस दे माइमोना, साफ्रा, आल्मेन्द्रालेखो. साधारण दोनशे किलोमीटर, सुरुवातीची डोंगररांग सोडली तर निवांत रस्ता.

२५ मार्च १९३६ ला पहाटे बादाखोस प्रांतात सुमारे साठ हजार शेतकऱ्यांनी एकाच वेळी तीनेक हजार इस्टेटींवर जाऊन खुणा केल्या आणि नांगरायला सुरुवात केली. फेब्रुवारीत डाव्या आघाडीचं सरकार आलं होतं, जमीन वाटपाचं आश्वासन होतं, वाट बघायची त्यांची तयारी संपली होती. सरकारनं बहुतांश ताबा नंतर कायदेशीर केला. एका पेरणीपुरता युन्तेरो जिंकला.

जुलैत लष्करी उठाव झाला. फ्रँकोचं मोरोक्कोतलं सैन्य जर्मन आणि इटालियन विमानांच्या मदतीनं सेव्हिलला उतरलं आणि ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तिथून ट्रकमधून उत्तरेला निघालं. कुठल्या रस्त्यानं? याच. डाव्या हाताला मित्र असलेला पोर्तुगाल, समोर मेरिदा, आणि मेरिदा घेतलं की दक्षिण आणि उत्तर दोन्हीकडचे बंडखोर प्रदेश जोडले जातात. नकाशावर दुसरा पर्यायच दिसत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचाही हिशोब बहुधा असाच असावा. ५ ऑगस्टला लोस सान्तोस दे माइमोनाला लढाई झाली, ७ ला साफ्रा पडलं, ११ ला मेरिदा, त्याच ग्वादियानाच्या काठी. मग सैन्य पश्चिमेला वळलं आणि १४ ऑगस्टला बादाखोस शहर घेतलं.

प्रत्येक गावात पद्धत तीच. गाव घ्यायचं, संघटनेचे कार्यकर्ते, नगरपालिकेतले लोक, मार्चमध्ये नांगर धरलेले, यांना शोधून गोळ्या घालायच्या आणि पुढे निघायचं. मागोमाग जमीनमालक परत. दुसऱ्या बाजूनंही रक्त सांडलं होतं हे सांगायला हवं. फुएन्ते दे कान्तोसमध्ये १९ जुलैला उजव्या गटाच्या लोकांना चर्चमध्ये कोंडून आग लावली, त्यात बाराजण मेले. पण अनेक गावांत असं काहीच घडलं नव्हतं आणि तिथेही भिंती रंगल्या. बादाखोसमध्ये कैद्यांना बैलझुंजीच्या मैदानात नेऊन मारलं. पोर्तुगीज वार्ताहर मारिओ नेवेस आणि 'शिकागो ट्रिब्यून'चा जे अ‍ॅलन यांच्यामुळे ते जगाला कळलं. मृतांचा आकडा आजही वादात आहे, अंदाज काही शेकड्यांपासून चार हजारांपर्यंत जातात. इतिहासकार पॉल प्रेस्टननं आपल्या पुस्तकात या सैन्याला मृत्यूची तुकडी म्हटलंय.

इंजिनिअर म्हणून आपल्याला शिकवलेलं असतं की रस्ता, पूल, नेटवर्क ही तटस्थ गोष्ट आहे, वरून काय जातं तो आपला प्रश्न नाही. इतके दिवस मीही तसं बोलत आलोय आणि पुढेही मीटिंगमध्ये बोलेन. पण या रस्त्यावर एक गोष्ट दुसरीला ओढत आणते. रस्ता होता म्हणून मेंढी आली, मेंढीसाठी कुरण मोठं राहिलं, कुरणाची इस्टेट झाली, इस्टेटीनं युन्तेरो घडवला, आणि युन्तेरोला जमिनीवरून हटवायला जे आले ते त्याच रस्त्यानं आले. अर्थात इतिहास इतका सरळ नसतो. दुष्काळ, कर, चर्च, माद्रिदचं राजकारण हे सगळं मी गाळलंय. तरीही.

पाट्यांचं सांगत होतो. रोमन मैलांच्या दगडांना माहितीफलक आहेत. कान्यादांना संरक्षण देणारा १९९५ चा कायदा आहे आणि त्याच्या पाट्या आहेत. फुएन्ते दे कान्तोसमध्ये चित्रकार सुर्बारानचा जन्म १५९८ चा, तेही लिहिलेलं आहे. ऑगस्ट १९३६ बद्दल सेव्हिल ते मेरिदा मी गेलो त्या रस्त्याकडेला मला एकही पाटी दिसली नाही. कबरी शोधायचं काम बरीच वर्षं मुख्यतः नातेवाईक आणि त्यांच्या संस्थांनी रेटलं. २००७ मध्ये एक कायदा झाला, पण शोधायची जबाबदारी सरकारची हे स्पष्ट म्हणायला २०२२ चा कायदा यावा लागला. तोवर ज्यांनी काही पाहिलं होतं त्यातले बहुतेक गेले होते.

बादाखोसला मी गेलो नाही, वाटेपासून साठ किलोमीटर पश्चिमेला आहे. बैलझुंजीचं ते मैदान आता नाही. ते पाडून तिथे कॉन्फरन्स सेंटर बांधलं, २००६ मध्ये ते सुरू झालं. बांधणाऱ्यांनी जुना गोल आकार तेवढा ठेवलाय.