जमिनीत सापडलेली जुनी भांडी : आधी वय ओळखा, मग हात लावा

जुने घर पाडून नवा पाया खणताना बधना, तबक, पानदान असे काही निघाले, की घरात पहिली धावपळ होते ती चिंच आणि राखेची. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी असेच झाले. तांब्याचा बधना निघाला, दादीने तो संध्याकाळपर्यंत लख्ख केला आणि दुसऱ्या दिवशी पोरगा तो आम्हाला दाखवायला घेऊन आला. गळ्याखाली उर्दू अक्षरांचे दोन-चार टोक शिल्लक होते. नाव आणि सन होते तिथे नुसती चमक. दादीचा काय दोष? भांडे म्हणजे घासायचे, हेच आपण शिकलो. पण बधना कोणाचा, हे सांगणारे आता त्या घरात कोणी नाही.

म्हणून भांडे उचलण्याआधी जागेवरच फोटो घ्या, किती खोल होते ते लिहून ठेवा. शेजारी निजामाचा हाली सिक्का किंवा दुसरे नाणे निघाले तर ते भांड्याइतकेच जपा, कारण दोन्ही एकत्र पुरलेली असतील तर ती त्या नाण्याच्या सनानंतरच पुरली गेली.

धातूवरून बरेच कळते. स्वस्त ॲल्युमिनियम 1886 नंतरचे, स्टेनलेस स्टील विसाव्या शतकातले. चमच्यामागे ई.पी.एन.एस. असा छाप असेल तर ती चांदी नव्हे, चांदीचा मुलामा आहे, आणि तो 1840 च्या पुढचा. तांबे-पितळेचे मात्र तसे नाही. त्यात घडण पाहावी लागते. आत एकसारख्या गोल रेषा असतील तर भांडे यंत्रावर फिरवून केलेले. हातोडीचे ठोके दिसले म्हणून लगेच जुने समजू नका, तांबट आजही ठोकतात. कधी वस्तू फारच जुनी निघते : कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर रोमन काळातली काशाची भांडी मिळाली आहेत.

सर्वात भरवशाचा पुरावा कोरलेला सन. हिजरी सनाला 0.97 ने गुणा, 622 मिळवा. 1300 हिजरी म्हणजे साधारण 1883. पण मराठवाड्यात फसली सनही चाले, त्यात 590 मिळवतात. मग तेच 1300 होते 1890. आणि जहेजच्या भांड्यावर निकाहाचा सन असतो, भांडे त्याहून जुने असू शकते.

आता सफाई. चिंच, लिंबू, पितांबरी, तारेची घासणी, काही नको. आंबटाने पितळेतले जस्त निघून जाते, तांबूस डाग उरतात. माती ओली असेल तर सावलीत सुकू द्या, मऊ ब्रशने आणि बांबूच्या काडीने काढा. फारच चिकटली तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि लगेच कोरडे करा. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर राहू द्या, तो धातूला सांभाळतो. पण फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा सुटत असेल तर क्षार आतून धातू खात आहेत. ते भांडे कोरड्या डब्यात ठेवून वस्तुसंग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

बिदरी पानदान किंवा हुक्क्याचा तळ निघाला तर हात आवरा. त्याचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून कारागीर तो मुद्दाम आणतात, चांदीची नक्षी त्यावरच उठते. घासलात तर उरेल नुसते राखाडी जस्त.

अशा भांड्यात जेवू नका. कलई कधीच गेलेली असते, डाखात शिसे असू शकते.

आणि एक, लपवू नका. 1878 च्या कायद्याने जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. मालक पुढे आला नाही आणि सरकारने वस्तू घेतली नाही, तर दुसरा करार नसल्यास तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा, बाकी जमीनमालकाचा. अर्जाची पोच मात्र मागून घ्या, आणि त्यासोबत घासण्याआधीचे फोटो जोडा.