इंजिनाचा श्वास: एअर फिल्टरचा इतिहास आणि एक निवड

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं मोटारीच्या एअर फिल्टरवर काय बोलावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. त्याचं कारण घरातलं आहे. माझ्या पुतण्याकडे २०१७ सालची ऑक्टाव्हिया आरएस आहे. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "काका, कंपनीचा कागदी फिल्टर काढून बाजारातला, तेल लावलेल्या सुती जाळीचा टाकतोय. आहे त्याच डब्यात बसतो, दहा मिनिटांचं काम. गाडी मोकळा श्वास घेईल." मोकळा श्वास! हे शब्द ऐकले आणि मला १९७४ साल आठवलं.

तेव्हा मी पीएच.डी.चं काम करत होतो. सुट्टीत गावी गेलो होतो. थोरल्या भावाचा, दादाचा, ट्रॅक्टर नांगरताना काळा धूर ओकत होता, ओढ कमी झाली होती. त्या काळच्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ फिल्टर असायचा. खाली तेलाची वाटी, वर तारेची जाळी. हवा तेलावर आपटून वळायची आणि धूळ तेलात अडकायची. वाटीत चिखल झाला होता. ती धुऊन ताजं तेल भरायचं, एवढंच काम. पण तेल संपलेलं, आणि तालुक्याला जायला वेळ नाही. मी म्हटलं, "दादा, ती नळीच सोडव. हवा मोकळी जाऊ दे." नळी सोडवली. धूर गेला, ओढ परत आली. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. मी धूर गेला म्हणून आजार गेला, असं अनुमान केलं. चाललंय तर राहू दे, म्हणून ती नळी मग तशीच राहिली. पुढच्या दिवाळीपर्यंत इंजिन तेल प्यायला लागलं, निळा धूर सुरू झाला. लायनर-पिस्टन सगळं बदलावं लागलं. दादानं त्यासाठी कर्ज काढलं. मला तो कधी एका शब्दानं बोलला नाही. हा पुतण्या त्याच दादाचा मुलगा.

आता इतिहासाकडे येऊ. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा. पन्नास लिटरची टाकी संपेपर्यंत इंजिनानं साडेचार लाख लिटर हवा ओढलेली असते. तरीही १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला हवेचा फिल्टरच नव्हता. रस्ते कच्चे, धूळ मुबलक, आणि इंजिन वारंवार उघडावं लागतं हे गृहीतच धरलेलं. पुढे ऑइल बाथ आले आणि बराच काळ टिकले. आपल्याकडच्या जुन्या जीप आठवा. मग घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर आला. हलका, स्वस्त, आणि बारीक धूळ अडवण्यात सरस. घड्या कशासाठी? तेवढ्याच जागेत जास्त कागद बसावा, म्हणजे हवेला वाट रुंद मिळते.

या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग मात्र मोटारीचा नाही, विमानाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं स्पिटफायर विमान उत्तर आफ्रिकेत आणि माल्टात गेलं. वाळूनं इंजिनं खायला सुरुवात केली असती, म्हणून नाकाखाली व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसवला. इंजिन वाचलं, पण विमान मंदावलं. वेग घटला, वर चढण्याची ताकद घटली. शत्रू मागे लागलेला असताना हे परवडणारं नव्हतं. फिल्टर काढला तर इंजिन जातं, ठेवला तर वैमानिक जातो. यावर इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकिरच्या दुरुस्ती तळावरच्या लोकांनी आटोपशीर आकाराचा दुसरा फिल्टर तयार केला. नुकसान कमी झालं, संपलं नाही. हवा सोडणं आणि धूळ अडवणं हा एकच व्यवहार आहे. एका बाजूला वाढवलं की दुसऱ्या बाजूला काहीतरी द्यावं लागतं.

आता पुतण्याच्या सुती फिल्टरचा उगम बघा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनल्ड हे मोटरसायकलचा व्यवसाय करत होते. के अँड एन हे नाव त्यांच्याच आद्याक्षरांचं. शर्यतीच्या गाड्यांसाठी त्यांनी जाळीत धरलेल्या, तेल लावलेल्या सुती कापडाचा फिल्टर केला. धुऊन, वाळवून, पुन्हा तेल लावून वापरायचा. शर्यतीच्या गाडीचं इंजिन वरचेवर उघडतातच. तिथे हा सौदा चोख होता. प्रश्न एवढाच, की शर्यतीतला सौदा रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला जसाच्या तसा लागू होतो का?

पुतण्यापाशी तीन पुरावे होते. पहिला, मित्राच्या गाडीचा आवाज. फिल्टर बदलल्यावर हवा ओढण्याचा आवाज भरदार होतो, हे प्रत्यक्ष आहे. पण जिथे जिथे आवाज मोठा तिथे तिथे शक्ती जास्त, अशी व्याप्ती नाही. तसं असतं तर सायलेन्सर फुटलेली लुना सगळ्यांच्या पुढे गेली असती. दुसरा पुरावा जाहिरातीचा, म्हणजे शब्दप्रमाण. पण शब्द प्रमाण केव्हा? सांगणारा आप्त असेल तेव्हा. विकणारा आप्त असू शकतो. पण त्याच्याकडून मोजमाप मागावं लागतं. तिसरा पुरावा अनुमानाचा: हवा जास्त, म्हणून शक्ती जास्त. हे खरं, पण केव्हा? पाय अर्धाच दाबलेला असताना हवेची वाट मुख्यतः थ्रॉटलची झडप अडवते, फिल्टर नव्हे. फिल्टरचा अडथळा जाणवायचा तो पूर्ण दाबल्यावर, वरच्या आरपीएमला. आणि स्वच्छ कागदी फिल्टरचा अडथळा मुळात थोडाच असतो.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ साली फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचण्या घेतल्या. आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांच्या मायलेजवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही, कारण संगणक हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो. वेग घेण्यावर मात्र परिणाम झाला. याचा अर्थ, चोंदलेला कागद बदलून नवा कागद टाकला तरी गाडी खुलते.

मग निवड कशी करायची? आयएसओ ५०११ नावाची चाचणी आहे. तिच्यात तीन गोष्टी मोजतात: हवेला अडथळा किती, धूळ किती टक्के अडते, आणि फिल्टर भरेपर्यंत किती धूळ मावते. विक्रेत्याला तिन्ही आकडे विचारा. धूळ बारीक वापरली की जाडी, तेही विचारा. जाड्या धुळीवर सगळेच हुशार ठरतात. आणि टक्केवारी उलटी वाचा. ९९ आणि ९७ यांत फरक दोनाचा दिसतो. पण एकातून शंभरातला एक भाग आत जातो, दुसऱ्यातून तीन. इंजिनाच्या दृष्टीनं ही तिप्पट धूळ आहे. पिस्टनच्या रिंगा झिजवायला केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे कणही पुरतात.

सुती फिल्टर घेतलाच, तर तेल मोजूनच लावा. कमी लावलं तर धूळ सुटते; जास्त झालं तर पुढे हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसू शकतं. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. आणि कुठलाही फिल्टर असो, कडेचं रबर डब्यात घट्ट बसलं आहे ना, हे बोट फिरवून बघा. फटीतून जाणारी हवा गाळलेली नसते. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याचा, इंजिन ट्यून केलेल्याचा हिशेब वेगळा. त्यानं हा सौदा डोळे उघडे ठेवून जरूर करावा.

पुतण्यानं विक्रेत्याला हे प्रश्न विचारले. दोन दिवसांनी तक्ता आला. त्यात हवेचा आकडा होता, धुळीचा नव्हता. मग त्यानं नवा कागदी फिल्टर टाकला. जुना काढला तेव्हा तो काळाकुट्ट होता, घड्यांत वाळकी पानं अडकली होती. आता म्हणतो, "काका, गाडी काय पळतेय!" पळणारच.

फिल्टरचा फायदा पहिल्याच दिवशी कळतो. तोटा दोन-तीन वर्षांनी येतो, आणि पुष्कळदा सल्ला देणाऱ्याच्या नव्हे, दुसऱ्याच्याच दारात येतो. १९७४ साली हे मला ठाऊक असतं, तर मी दादाला म्हटलं असतं, नांगरट एक दिवस थांबू दे, मी तालुक्याहून तेल घेऊन येतो.