मनगट आणि साचा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरांच्या लाकडी बैलांना चाकं लागत, म्हणून त्याआधी महिनाभर आमच्या सुतार आबाजींना फुरसत नसे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधी आमचं धानोरा चांद्यातच. आबाजींच्या खरादाला वीज नव्हती. लाकडाला दोरीचा वेढा देऊन दोन्ही टोकं आलटून-पालटून ओढायची, हे काम माझं. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. ते अंगाकडे फिरलं की तेवढ्यात आबाजी पटाशी टेकवत.

धार मात्र मला लावू देत नसत. "बाबू, दगड धार नाही देत, मनगट देते. मनगट हाललं का धार गेली," म्हणत. कोपर बरगडीला टेकवून बसले की पटाशी रोज त्याच कोनात दगडाला लागे.

त्यांची सहाण कुरुंदाची. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्या दक्षिणेकडूनच तिकडे गेला. पुढे १८९१ च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅचेसन यांनी भट्टीत नवा कठीण पदार्थ तयार केला अन् कार्बन-कोरंडम जोडून त्याचं नाव 'कार्बोरंडम' ठेवलं. कुरुंद असं जग फिरून चाकाच्या रूपात आमच्या बाजारात परत आलं.

आबाजी गेले. त्यांच्या पोरांनी धंदा धरला नाही. पटाश्या माझ्याकडे आल्या. वीज आली तसा मी विजेचा ग्राइंडर आणला. पन्हळीसारख्या पात्याची पटाशी चाकाला लावली. सपाट पटाशी नुसती टेकवली तरी चालते; गोल पातं टेकवता टेकवता फिरवावं लागते, अन् तिथंच कोन सुटते. मी जोरानं दाबली. टोक निळं पडलं, पोलादाचं पाणी उतरलं. आबाजींनी आयुष्यभर जपलेली वस्तू मी घटकाभरात नासवली. तेवढा निळा भाग घासून काढला, पातं बोटभर आखूड झालं.

परवा पोरगा म्हणाला, "बाबा, धारेसाठी जिग घ्यायचं आहे. कोणतं घेऊ?" जिग म्हणजे पातं एकाच कोनात धरणारा साचा. परदेशी साचे हजारोंचे. मी म्हटलं, किंमत मागून पाह्य, आधी तुझी हत्यारं पाह्य. सपाट पटाशीला चाकासमोर घट्ट बसणारी तिरपी पाटी पुरे. वाट्या कोरायच्या गोल पटाशीला मात्र डोलणारा धारक पाहिजे. पातं धारकाबाहेर दर वेळी तेवढंच राहावं म्हणून फळीवर खुंटा ठोक. उतारावर शाई लावून चाक हातानं फिरव. शाई सगळीकडून सारखी पुसली तर कोन बरोबर. अन् जवळ पाण्याचं टमरेल ठेव.

शेवटी गावातल्या वेल्डरकडून लोखंडी दांडी अन् धारक करून घेतला. आता धार दोन मिनिटांत होते, पोलादही कमी झिजते.

साचा वापरण्यात मला कमीपणा वाटत नाही. आबाजींचं मनगट घडायला अख्खा जन्म लागला होता, अन् ते शिकायला मी फक्त दोरी ओढत बसलो होतो. आखूड झालेली ती पटाशी अजून चालू आहे. यंदाच्या तान्ह्या पोळ्याची चाकं नातवासमोर तिनंच कातली.