जैतुनाचे एकच मूळ

रविवारच्या मिस्साबलिदानात पहिले वाचन बहुधा जुन्या करारातून होते आणि त्यामागून दाविदाच्या नावे चालत आलेले एखादे स्तोत्र आपण गातो. ‘आमेन’, ‘आलेलुया’, ‘होसान्ना’ हे शब्द तर आपल्या ओठांवर इतके रुळले आहेत, की ते हिब्रू भाषेतून आले याचे स्मरणही आपणांस राहत नाही. ज्या लोकांनी हे शब्द, ही स्तोत्रे आणि एकाच परमेश्वरावरील श्रद्धा आपल्या हाती सोपवली, त्या यहुदी लोकांविषयी मात्र आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या निराळीच भावना नांदत आली. उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाची कथा ऐकताना ‘यहुद्यांनी प्रभूला मारले’ असे सरसकट बोलले जाई आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. शिक्षा फर्मावणारा सुभेदार रोमी होता. क्रुसावरील प्रभू यहुदी होता, त्याची माता यहुदी होती, क्रुसाखाली उभा राहिलेला शिष्यही यहुदीच होता, हे आम्ही ध्यानी घेतले नाही. एकाच घरातील ही दोन भावंडे विभक्त केव्हा झाली, कशी झाली, हे एकदा शांतपणे पाहावे असे आम्हांस वाटते.

प्रभू येशूच्या काळी यहुदी धर्म एकजिनसी नव्हता. यरुशलेमचे मंदिर आणि तेथील यज्ञविधी यांची सूत्रे हाती असलेले सदूकी होते; नियमशास्त्राचा अर्थ गावोगावच्या सभास्थानांतून सांगणारे परूशी होते; मृत समुद्राकाठच्या कुमरानसारख्या ठिकाणी जगापासून दूर राहणारे व्रतस्थ लोक होते. या शेवटच्यांची हस्तलिखिते 1947 पासून गुहांतून सापडू लागली, तेव्हा त्या काळचे वैचारिक मंथन किती तीव्र होते हे जगाला कळले. या अनेक पंथांत नासरेथकर येशूला मसीहा मानणारा आणखी एक पंथ, एवढेच आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे बाह्य रूप होते. प्रेषित मंदिरात प्रार्थनेला जात, शब्बाथ पाळत. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्यांची बाजू सावरून घेणारा गमलिएल हा परूशीच आहे, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

पहिला पेच पडला तो पंगतीचा. अंत्युखियात परराष्ट्रीय लोक विश्वास ठेवू लागले. त्यांनी सुंता करावी काय? त्यांच्यासोबत एका ताटावर बसावे काय? जातिभेदाच्या देशात राहणाऱ्या आपणांस या प्रश्नाची धार समजावून सांगावी लागू नये! संत पेत्राने तेथे काही काळ पंगत टाळली आणि संत पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, असे पौल स्वतःच गलतीकरांस लिहितो. इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमेत सभा भरली आणि परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे लादू नये असे ठरले. तरीही हा निर्णय यहुदी लोकांनी यहुदी घरात बसूनच केलेला होता. त्याने दार उघडले, घर मोडले नाही.

घर हादरले ते इ.स. 70 मध्ये. रोमविरुद्ध इ.स. 66 मध्ये उठाव झाला; चार वर्षांनी टायटसच्या सैन्याने यरुशलेम घेतले आणि मंदिर जाळले. मंदिरातील सात शाखांची सोन्याची दिवटी विजयी मिरवणुकीत वाहून नेली जात असल्याचे शिल्प रोममधील टायटसच्या कमानीवर आजही दिसते. मंदिर गेले, यज्ञ संपला, सदूकी लोक इतिहासातून लोपले. योहानान बेन जक्कई या गुरूला शिष्यांनी प्रेताच्या पेटीतून वेढलेल्या शहराबाहेर काढले, अशी यहुदी परंपरेतील कथा आहे. त्याने यवने येथे शास्त्राध्ययनाची शाळा चालवली. यज्ञाच्या जागी प्रार्थना, अध्ययन आणि दया आली. याच प्रवाहातून इ.स. 200 च्या सुमारास मिश्ना हा ग्रंथ सिद्ध झाला आणि पुढे काही शतकांनी बाबिलोनी तालमूद. म्हणजे आज आपण ज्याला यहुदी धर्म म्हणतो तो आणि आपला ख्रिस्ती धर्म, दोन्ही मंदिराच्या त्या राखेतूनच घडत गेले. एकाने म्हटले, नियमशास्त्र हेच आता आमचे मंदिर. दुसऱ्याने म्हटले, ख्रिस्ताचे शरीर हेच आमचे मंदिर. जुन्या कराराला मूळ धरले तर यहुदी हे थोरले भावंड खरेच, पण या अर्थाने पाहिले तर दोघे जवळजवळ जुळेच ठरतात.

विभक्त होण्यास एक रोकडे कारणही होते, ते म्हणजे कर. प्रत्येक यहुदी पुरुष मंदिरासाठी वर्षाला अर्धा शेकेल देत असे. मंदिर पाडल्यावर रोमने तोच कर चालू ठेवला. मात्र आता तो रोममधील ज्युपिटरच्या देवळासाठी घेतला जाऊ लागला आणि स्त्रियांकडून व मुलांकडूनही वसूल होऊ लागला. साहजिकच ‘तू यहुदी आहेस की नाहीस?’ हे सरकारी वही विचारू लागली. सम्राट डोमिशियनने ही वसुली कठोरपणे केली, तर इ.स. 96 मध्ये गादीवर आलेल्या नर्वाने तिच्यातील जाच कमी केला. माणसाच्या श्रद्धेची खानेसुमारी राज्यसंस्था करू लागली की शेजारी हळूहळू परके होतात, हे आपल्याही देशाने पाहिले आहे. पुढे इ.स. 132 मध्ये बार कोखबाचे बंड झाले. त्याला मसीहा मानणे ख्रिस्ती लोकांना शक्य नव्हते. बंड चिरडल्यावर हेड्रियनने यरुशलेमचे नाव बदलले आणि यहुद्यांना तेथे प्रवेश बंद केला. तोवर यरुशलेमच्या मंडळीचे अध्यक्ष यहुदी वंशाचेच होते. त्यानंतर ते परराष्ट्रीयांतून आले.

इतके होऊनही नाळ तुटली नाही. इ.स. 144 च्या सुमारास मार्सियन नावाच्या एका धनिकाने रोमच्या मंडळीपुढे सुचवले, की जुना करार टाकून द्यावा, त्यातील देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. ख्रिस्तसभेने त्यालाच बाहेर काढले. आमच्या मते आरंभीच्या शतकांतील हा सर्वांत मोलाचा निर्णय होय. तो झाला नसता तर आब्राहाम, मोशे, यशया आणि सारी स्तोत्रे आपण गमावून बसलो असतो.

सामान्य माणसे तर आणखी कित्येक पिढ्या एकत्रच वावरत होती. इ.स. 386-387 मध्ये अंत्युखियाचे धर्मगुरू, पुढे संत म्हणून गौरवलेले योहान ख्रिसोस्तोम, यांनी यहुद्यांविरुद्ध जहाल प्रवचने दिली. ती वाचताना आज मान खाली जाते. पण त्यांतूनच कळते की त्यांचे ख्रिस्ती श्रोते सणाला सभास्थानात शिंग ऐकायला जात, तेथे शपथा घेत, यहुद्यांसोबत उपवासही करीत. प्रवचनकाराचा संताप हाच शेजारधर्माचा पुरावा ठरतो.

पुढचा इतिहास काळा आहे. राजसत्ता ख्रिस्ती झाली आणि भावंडांतील वाद बलवान व दुर्बल यांच्यातील अन्याय बनला. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोर ग्रेगरी यांनी यहुद्यांना त्यांचे हक्क नाकारू नयेत असे बजावले. तरी 1096 मध्ये क्रुसेडला निघालेल्या जमावांनी ऱ्हाईनकाठी यहुद्यांची कत्तल केली. 1215 मध्ये लॅटरन परिषदेने त्यांना वेगळा वेष सक्तीचा केला. 1492 मध्ये स्पेनने त्यांना हाकलले, 1497 मध्ये पोर्तुगालने बाटवले.

त्या ज्वाळा आपल्या किनाऱ्यापर्यंत आल्या. अशाच बाटवलेल्या घराण्यातील वैद्य गार्सिया द ओर्ता 1534 मध्ये गोव्यास आला. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेटही त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. तो 1568 मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले आणि 1580 मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. ज्याने या भूमीतील झाडपाल्याचे गुण जगाला सांगितले, त्याला याच भूमीत माती लाभली नाही.

याच कोकणपट्टीत, अलिबागच्या आसपास, बेने इस्राएल शतकानुशतके तेलाचा घाणा चालवीत होते. नवगावजवळ जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावे त्यांनी धारण केली, मराठी हीच मायबोली मानली. त्यांच्या हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांनी त्यांचा छळ केला नाही. सतराशे शहाण्णवमध्ये मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले. हिटलरच्या राजवटीत साठ लाख यहुदी मारले गेल्यावर युरोपातील ख्रिस्ती जगाला जे उमगले, ते आमच्या कोकणातील अशिक्षित शेतकऱ्याला आधीच ठाऊक होते, हे नमूद करताना अभिमान आणि संकोच दोन्ही दाटून येतात.

1959 मध्ये पोप तेविसावे योहान यांनी शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचे अवमानकारक विशेषण गाळले. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने 2221 मते, विरुद्ध 88. प्रभूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहुद्यांवर, लादता येणार नाही असे त्यात स्पष्ट म्हटले आणि रोमकरांस पत्रातील जैतुनाच्या मुळाचा दाखला दिला. 13 एप्रिल 1986 रोजी पोप दुसरे योहान पौल रोमच्या सभास्थानात गेले आणि त्यांनी यहुद्यांना आपले थोरले भाऊ म्हटले. पेत्राच्या समाधीपासून ते सभास्थान टायबर नदीच्या पलीकडे, चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पवित्र गुरुवारच्या सायंकाळी आपल्या चर्चमध्ये निर्गमच्या बाराव्या अध्यायातील वल्हांडणाचे वाचन होते. कोकणातील बहुसंख्य बेने इस्राएल आता इस्राएलात स्थायिक झाले आहेत. पण अलिबागेत त्यांचे सभास्थान अजून आहे, आणि मागे राहिलेली मोजकी घरे तीच कथा वल्हांडणाच्या रात्री आपल्या मुलांना सांगतात.