पाळी जाताना घ्यावयाच्या औषधाचा इतिहास



पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप उडते. आपल्यापैकी पुष्कळजणी हे मुकाट्याने सोसतात. औषधाचा विषय निघाला, की एक म्हणते, "घे, आराम पडेल." दुसरी म्हणते, "नको ग बाई, त्याने कॅन्सर होतो!" ही दोन्ही बोलणी कोठून आली, ते ह्या औषधाच्या इतिहासावरून कळते.

ह्या वयात बीजकोश थकतात व इस्ट्रोजेन नावाचा अंतःस्राव कमी होतो. तो बाहेरून भरून काढावा म्हणून अमेरिकेत १९४२ साली 'प्रेमारिन' ही गोळी निघाली. ती गाभण घोड्यांच्या मूत्रापासून करीत. १९६६ साली डॉ. रॉबर्ट विल्सन ह्यांनी 'फेमिनाइन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहिले. पाळी जाणे हा रोगच आहे व इस्ट्रोजेनने स्त्रीचे तारुण्य टिकते, असे त्यांनी सांगितले. गोळीचा खप खूप वाढला. पण १९७५ साली दिसून आले, की नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. पुढे गर्भाशय असलेल्या स्त्रीला जोडीने प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध देण्याची रीत पडली.

मग २००२ साल उजाडले. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली ह्या जोडऔषधाची पाहणी मध्येच थांबवली गेली. स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो, असे जाहीर झाले आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. हिशेब असा होता: औषध न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला ३०, तर घेणाऱ्यांत ३८. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय होते ६३! पाळी जाऊन त्यांतल्या पुष्कळजणींना दहा वर्षे उलटली होती.

पुढे वयाप्रमाणे आकडे पुन्हा तपासले गेले. आता डॉक्टर सांगतात, की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला फार त्रास असेल, तर बहुधा तोट्यापेक्षा फायदा अधिक. मात्र जिला स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा मोठा विकार झाला असेल, तिने हे औषध सहसा घेऊ नये.

आधी सगळ्यांनी घ्यावे म्हणाले, मग कोणीच घेऊ नये म्हणाले. ही बाई कोण, तिचे वय काय, हे विचारायचे दोन्ही वेळा राहून गेले. म्हणून शेजारणीची गोळी आणू नये, आणि शेजारणीच्या भीतीने सोसतही बसू नये. आपले वय, आपली दुखणी डॉक्टरांना मोकळेपणी सांगावी. आणि पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा रक्त दिसले, तर लाज न धरता लगेच दाखवावे, एवढी माझी विनंती आहे.