बापूकुटीची भिंत आणि आधुनिक वास्तुकलेचा इतिहास

सेवाग्रामच्या बापूकुटीत जाणारे बहुतेक जण गांधीजींची बैठक पाहतात, त्यांच्या मोजक्या वस्तू पाहतात आणि पुढे सरकतात. मातीच्या भिंतीवरचे उठावकाम मात्र अनेकांच्या नजरेतून निसटते. ताडासारखी झाडे, मोर, चरखा, ॐ. ओल्या मातीत ही चित्रे घडवली मीराबेन यांनी. मूळच्या मॅडलिन स्लेड, ब्रिटिश आरमारातील एका बड्या अधिकाऱ्याच्या कन्या. त्या १९२५ साली भारतात आल्या. ही कुटी मुळात त्यांच्यासाठीच बांधलेली होती. गांधीजी तिथे नंतर राहायला आले.

ही कुटी आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात कुठे शोधायची, हा आजच्या धाग्याचा विषय.

प्रश्न वाटतो तितका विचित्र नाही. आधुनिक कला आणि संकल्पन यांचा अभ्यास आज घरबसल्या करता येतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे 'मोमा'ने, १९२९ पासूनच्या आपल्या प्रदर्शनांचा इतिहास संकेतस्थळावर खुला केला आहे. १९३२ च्या ज्या प्रदर्शनाने 'आंतरराष्ट्रीय शैली' जगापुढे मांडली, त्याच्या दालनांची छायाचित्रे वर्ध्यात बसून पाहता येतात. जर्मनीतील बाउहाउस ही संस्था १९१९ ते १९३३ अशी अवघी चौदा वर्षे चालली; तिच्याशी संबंधित हजारो वस्तू हार्वर्डच्या कला संग्रहालयांनी आंतरजालावर मांडल्या आहेत. खुर्ची, दिवा, विणलेले कापड, विद्यार्थ्यांचे आराखडे, सारे काही.

या संग्रहांत शोध घेण्याची वाट ठरलेली असते: वास्तुकाराचे नाव, इमारतीचे नाव, साल, नकाशा. बापूकुटी या वाटेवर भेटत नाही. तिथे पोहोचायचे तर पत्रव्यवहार उघडावा लागतो.

साबरमती आश्रमाच्या पुढाकाराने उभे राहिलेले 'गांधी हेरिटेज पोर्टल' २०१३ साली सुरू झाले. त्यावर गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे शंभर खंड आहेत, 'यंग इंडिया' आणि 'हरिजन'चे अंकही आहेत. मार्च १९३६ मध्ये जमनालाल बजाज यांना लिहिलेले पत्र तिथे शोधावे. सेगावात राहायला जाण्याविषयीचे ते पत्र आहे. (सेगावचे 'सेवाग्राम' झाले १९४० साली, बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी होणारा टपालाचा घोळ हे त्याचे कारण.) झोपडीवर कमीत कमी खर्च व्हावा, तो कोणत्याही परिस्थितीत १०० रुपयांच्या वर जाऊ नये, लागेल ती मदत गावातूनच घ्यावी, अशा त्यातल्या अटी. वास्तुकाराला घरमालक अपेक्षा लिहून देतो, तसाच हा कागद आहे. फरक इतकाच, की येथे अपेक्षांपेक्षा मर्यादाच अधिक आहेत.

असाच दुसरा कागद १९२९ सालचा. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. यंत्र हलके, सहज नेण्याजोगे आणि हाताने किंवा पायाने चालणारे हवे. फार न थकता एका स्त्रीला त्यावर आठ तास काम करता यावे. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य किमान २० वर्षे, आणि सुटे भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नको. बक्षीस कोणालाही मिळाले नाही. तरीही माझ्या मते संकल्पनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही जाहिरात एकदा वाचावी. यंत्र कसे दिसावे याविषयी तिच्यात एक शब्द नाही. ते वापरणाऱ्या बाईच्या थकव्याचा हिशेब मात्र आहे.

मग वर्धा शहरातल्या मगनवाडीकडे यावे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाला आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पांनी वाहिली. न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस येथे तेलघाणी, हातकागद आणि वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' कंदील यांत रमला. १९३८ च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. आता तुलना पाहा. मोमाने १९३४ साली 'मशीन आर्ट' नावाचे प्रदर्शन भरवले होते. स्प्रिंगा, बॉल बेअरिंग, जहाजाचा पंखा अशा वस्तू शिल्पांसारख्या मांडल्या होत्या, त्यांचे सौंदर्य निरखण्यासाठी. मगन संग्रहालयातही अवजारेच मांडली गेली, पण पाहणाऱ्याने घरी जाऊन ती चालवावीत यासाठी. दोन्ही मांडण्या एकाच दशकातल्या आणि दोघींनाही यंत्रयुगाला उत्तर द्यायचे होते. पहिलीचे उत्तर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. दुसरीचे बहुधा 'ग्रामविकास' या सदरात ढकलले गेले, आणि कलेच्या इतिहासाने तिकडे फारसे पाहिले नाही.

अपवाद आहेत. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार-कुंभार देवीप्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत सेवाग्रामच्या नई तालीममध्ये कला शिकवत होते. २०१० साली दिल्लीत त्यांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. जानेवारी १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले, कुटीत बसले आणि तिच्यातल्या वेगवेगळ्या जागांविषयी बोलले. ते भाषणही आंतरजालावर सापडते.

साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय १९६३ सालचे, चार्ल्स कोरिया यांचे. कोरियांनी २०१३ साली आपली हजारो रेखाटने लंडनच्या ब्रिटिश वास्तुकार संस्थेकडे सोपवली, त्यामुळे त्यांच्या इमारतींचा कागद जपला गेला. कुटीचे जतन निराळ्या रीतीने होते. मातीचे घर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरून घेते, भिंती लिंपून घेते, जमीन सारवून घेते. आज आपण जी भिंत पाहतो तिच्यावर अनेक हातांचे थर आहेत. कुटीची जुनी छायाचित्रे मिळाली, तर तारखेनुसार लावून शेजारी शेजारी ठेवा आणि मीराबेन यांच्या त्या झाडांच्या कडा बारकाईने न्याहाळा.