नॉनब्लॉकिंग कलेक्टिव्ह राइट म्हणजे काय? हजारो प्रोसेस, एकच फाइल!

फोनवर मोठा व्हिडिओ अपलोडला लावला की तो पूर्ण होईपर्यंत आपण हात बांधून बसत नाही. मागे अपलोड चालू, पुढे आपलं चॅटिंग चालू. सुपरकॉम्प्युटरलाही हीच सोय लागते. फक्त तिथे एकाच फाइलमध्ये हजारो प्रोसेस लिहीत असतात.

याची गरज का पडते?

हवामानाचं मॉडेल घ्या. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेत २०१८ मध्ये सुरू झालेला 'प्रत्युष' अशाच कामासाठी उभारला गेला होता. अशा मॉडेलमध्ये नकाशाचे तुकडे पाडून प्रत्येक प्रोसेसला एकेक तुकडा दिला जातो. ठरावीक टप्प्यांवर सगळ्यांचा निकाल डिस्कवर लिहावा लागतो. डिस्क मात्र प्रोसेसरपेक्षा खूपच हळू! लिहून होईपर्यंत सगळे थांबले, तर अंदाज यायला उशीर होतो. आणि पाऊस पडून गेल्यावर पावसाचा अंदाज काय कामाचा?

'कलेक्टिव्ह' म्हणजे काय?

अशा प्रोसेस एकमेकींशी बोलतात त्या एमपीआय या स्टँडर्डने. १९९७ च्या एमपीआय-२ मध्ये फाइल लिहिण्याची सोय आली. त्यातल्या 'राइट_ऑल'मध्ये, फाइल मिळून उघडणाऱ्या सगळ्या प्रोसेसनी कॉल करायचा असतो. त्यामुळे कोणाला कुठे लिहायचंय हे लायब्ररीला कळतं. मग काही निवडक प्रोसेस सगळ्यांचे छोटे तुकडे गोळा करून मोठे सलग तुकडे लिहू शकतात. याला 'टू-फेज आयओ' म्हणतात.

'नॉनब्लॉकिंग' म्हणजे काय?

२०१५ च्या एमपीआय ३.१ मध्ये 'आयराइट_ऑल' आलं. हा कॉल लिहून होण्याची वाट न बघता लगेच परत येतो आणि हातात एक 'रिक्वेस्ट' देतो. तिला टोकन समजा. पुढची गणितं करत राहायचं आणि नंतर 'वेट'ला हे टोकन देऊन काम झालं का ते बघायचं. याआधी 'राइट_ऑल_बिगिन' आणि 'राइट_ऑल_एंड' अशी जोडी होती, पण एका फाइल हँडलवर एका वेळी असं एकच काम चालायचं.

हे नियम विसरू नका

१. 'वेट' पूर्ण होईपर्यंत तो बफर बदलायचा नाही. बदललात तर फाइलमध्ये अर्धा जुना, अर्धा नवा डेटा जाऊ शकतो, आणि एररही दिसेलच असं नाही! उपाय सोपा: दोन बफर ठेवा. एक लिहिला जात असताना दुसऱ्यात गणित करा. मेमरी मात्र जास्त लागते.

२. सगळ्या प्रोसेसनी कलेक्टिव्ह कॉल एकाच क्रमाने करायचे. एकीने जरी कॉल गाळला, तरी बाकीच्या 'वेट'मध्ये अडकून पडू शकतात.

३. 'वेट' झालं म्हणजे डेटा डिस्कवर पोचलाच असं नाही, बफर मोकळा झाला एवढंच नक्की. डिस्कवर पोचल्याची खात्री हवी तर 'फाइल_सिंक' वापरा.

वेग नक्की वाढतो का?

दरवेळी नाही. काही लायब्ररींमध्ये मागचं काम आपोआप पुढे सरकत नाही, अधूनमधून 'टेस्ट' कॉल करून त्याला ढकलावं लागतं. म्हणून दोन्ही प्रकारे चालवून वेळ मोजा, मगच ठरवा.

थोडक्यात काय, कॉल परत आला म्हणजे काम सांगून झालं, काम झालं असं नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवा!